गॉर्सचें कुंपण

इंग्रजी कथा-कादंबऱ्या वाचूं लागलेल्या विद्यार्थ्याला 'फर्झ' हा शब्द केव्हां ना केव्हां आडवा येतोच. टॉमस हार्डीच्या 'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह' ह्या १८७८ सालच्या कादंबरीचा नायक पॅरिसमध्यें राहून आलेला, शिकलेला तरुण. पण डोळे अधू झाल्यावर तो माळावर जाऊन फर्झ कापण्याचें काम पत्करतो आणि हातांत चामड्याचे मोजे घालून मोळ्या बांधूं लागतो. हें फर्झ म्हणजे काय म्हणून कोश उघडावा, तर "एक कांटेरी झुडूप" इतकाच अर्थ सांपडतो, आणि मुलगा आपल्या गांवची बाभूळ किंवा बोर डोळ्यांपुढें आणून पुढें वाचूं लागतो. त्यांत मोठी चूक होते असें नाहीं. परंतु ह्या झुडुपाची हकीकत त्या एका ओळीच्या अर्थापेक्षां पुष्कळ मोठी आहे, आणि ज्यांना घराभोंवतीं, मळ्याभोंवतीं कुंपण लावण्याची हौस आहे अशा आईबापांनींही ती ऐकण्यासारखी आहे. म्हणून ह्या पाठांत, तें झाड बियांपासून कसें वाढवितात हें आम्ही आधीं सांगणार आहों, आणि तें वाढविल्यावर ठिकठिकाणीं काय झालें तें मागाहून.

ह्या झाडाला इंग्रजींत तीन नांवें आहेत : गॉर्स, फर्झ आणि व्हिन. व्हिन हें नांव मुख्यतः स्कॉटलंडांत व इंग्लंडच्या उत्तरेकडे ऐकूं येतें. झाड मात्र एकच. वनस्पतिशास्त्रांत त्याला यूलेक्स युरोपीअस म्हणतात. पोर्तुगाल, स्पेन व फ्रान्स ह्या देशांचा समुद्राकडील भाग, ब्रिटन आणि आयर्लंड हें त्याचें मूळ घर. समुद्रावरून येणारा खारा वारा, रेताड व निकस जमीन, झाडाझुडुपांवांचून उघडी पडलेली टेंकाडें, अशा ठिकाणीं तें आनंदानें राहतें. उंची मनुष्याएवढी, कधीं त्याहूनही अधिक. अंगावर पानें अशीं जवळजवळ नाहींतच. पानांचेही कांटे झालेले आणि फांद्यांच्या शेंड्यांचेही कांटे झालेले. पानांचें काम हिरव्या फांद्या आणि हिरवे कांटेच करितात. त्यामुळें बर्फ पडत असतांही झुडूप हिरवें दिसतें.

हें झाड हरभरा, वाटाणा, तूर आणि पळस ह्यांच्या कुळांतलें आहे. ज्यांनीं तागाचें शेत फुललेलें पाहिलें असेल त्यांना त्याचें फूल समजावून सांगण्याची गरज नाहीं. तसेंच पिवळें, तसेंच पांच पाकळ्यांचें. त्यांत मध नसतो. मधमाशी येते ती परागांसाठीं. ती खालच्या दोन मिटलेल्या पाकळ्यांवर बसली कीं त्या पाकळ्या झटकन उघडतात, आंतील केसर उसळी मारून वर येतात आणि तिचें पोट परागानें माखून टाकतात. फुलाचा वास मात्र आपल्या वाचकांना नवल वाटावें असा आहे. ऊन चढलें म्हणजे फुललेल्या गॉर्सला ओल्या खोबऱ्याचा वास येतो! नारळाचें झाड ज्यांनीं जन्मांत पाहिलें नाहीं अशा आयरिश शेतकऱ्यांच्या माळांवर हा वास दरवळत असतो, आणि कोंकणांतला एखादा मुलगा डोळे मिटून तेथें उभा राहिला तर आई खोबरें किसावयास बसली आहे असें त्याला खास वाटेल.

फुलांचा मोठा बहर वसंतांत, म्हणजे एप्रिल-मेमध्यें येतो. पण एखाददुसरें फूल वर्षाच्या कोणत्याही महिन्यांत झुडुपावर सांपडतें. त्यावरून इंग्लंडांतील खेडवळ लोकांत एक म्हण पडली आहे. ती शाळेच्या वार्षिकांत जशीच्या तशी देण्याजोगी नाहीं. तात्पर्य इतकेंच कीं ज्या दिवशीं गॉर्सला फूल नसेल त्या दिवशीं जगांतली प्रीति संपली असें समजावें. स्वीडनचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस १७३६ सालीं इंग्लंडांत आला होता; त्यानें फुललेला गॉर्सचा माळ पाहून गुडघे टेकले आणि देवाचे आभार मानले, अशी एक आख्यायिकाही सांगतात.

पण गरीब शेतकऱ्याला ह्या झाडाची आवड होती ती फुलांसाठीं नव्हे. जेथें दगड महाग आणि लांकूड दुर्मिळ, तेथें शेताला कुंपण कशाचें करावयाचें? आयर्लंड, वेल्स इत्यादि भागांत दोन्ही बाजूंनीं चर खणून त्याची माती मधें टाकीत, तिचा बांध घालीत, आणि बांधाच्या माथ्यावर गॉर्सची बी पेरीत. तीन-चार वर्षांत गुरें-मेंढ्यांना न ओलांडतां येणारी कांटेरी भिंत तयार होई. शिवाय त्याच भिंतीपासून सरपणही मिळे. गॉर्सच्या लांकडांत व कांट्यांत तेलाचा अंश असल्यामुळें तें भडकन पेटतें आणि मोठी आंच देतें. पाववाल्यांच्या भट्ट्या एके काळीं त्यावर तापत. कोंवळे शेंडे ठेंचून कांटे मोडले कीं घोड्यांना वैरण होई, आणि वेल्समध्यें तर पाण्यावर चालणाऱ्या चक्क्या ह्याच कामासाठीं बांधल्या होत्या. मुळांवरील गांठींमधून हवेंतील नायट्रोजन घेण्याची द्विदल कुळाची शक्ति त्याच्यांतही आहे. म्हणून जेथें दुसरें कांहीं उगवत नाहीं तेथेंही तें जोमानें वाढतें. एका झाडापासून कुंपण, सरपण आणि वैरण, हें तिन्ही मिळाल्यावर गरिबाला आणखी काय पाहिजे?

आतां पेरणीकडे वळूं. पुढें जें सांगतों तें त्याच्या मायदेशांतील, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडांतील बागेविषयीं आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

वसंतांतील फुलांच्या शेंगा जून-जुलैच्या सुमारास पिकतात. शेंग लहान, एक-दोन सेंटिमीटर लांबीची, लवदार. पिकली म्हणजे काळसर तपकिरी होते. तिच्यांत दोनतीन बिया, क्वचित् अधिक. कडक उन्हाच्या दुपारीं गॉर्सच्या झुडुपाजवळ उभें राहिलें तर चट् चट् असा आवाज ऐकूं येतो. तो शेंगा फुटण्याचा. शेंगेचीं दोन शकलें वाळतां वाळतां पिळवटतात आणि एका क्षणीं ताण असह्य होऊन उकलतात. त्या झटक्यानें बी कांहीं मीटर दूर फेंकली जाते. आपल्याकडे तेरड्याची पिकलेली शेंग बोट लावतांच फुटते. हा प्रकार त्यांतलाच, मात्र बोट लावण्याची वाट न पाहणारा. म्हणून बी गोळा करणारानें शेंगा काळसर होऊं लागल्या कीं हातमोजे घालून शेंगांसकट डहाळ्या कापाव्या, कागदाच्या पिशवींत घालून तोंड बांधावें आणि पिशवी उन्हांत ठेवावी. शेंगा आपोआप आंतल्या आंत फुटतात व बी तळाशीं जमते. ती मोहरीपेक्षां मोठी, गुळगुळीत व चकचकीत असते, आणि तिच्या एका टोंकाला पिवळसर मांसल असा लहानसा गोळा असतो. हा गोळा मुंग्यांचा खाऊ होय. मुंग्या त्याच्या लोभानें बी ओढून नेतात, गोळा तेवढा खातात, आणि बी तशीच मातींत सोडून देतात. पेरण्याचे हे जे फुकटचे मजूर आहेत त्यांचा विचार पुढें पुन्हा करावा लागेल.

ही बी नुसती मातींत टाकून पाणी घातलें तर बहुतेक निराशा पदरीं पडते. दहा बिया पेराव्या, एक उगवावी, आणि बाकीच्या नऊ मेल्या असें समजून कुंडी उलटी करावी, असें नवशिक्याचें होतें. त्या नऊ मेलेल्या नसतात. बियेचें कवच इतकें घट्ट असतें कीं त्यांतून पाणी आंत शिरतच नाहीं, आणि पाणी मिळाल्यावांचून आंतला अंकुर जागा होत नाहीं. सृष्टींत हें कवच झिजविण्याचें काम थंडी, ऊन, मातीची घासाघीस आणि वणव्याची धग हीं करितात, आणि त्याला वर्षानुवर्षें लागतात. माळी तेंच काम एका दिवसांत करितो. एक रीत अशी कीं बी दोन घासकागदांच्या मधें ठेवून हलक्या हातानें चोळावी. वरची चमक गेली कीं थांबावें, आंतील पांढरा गर दिसूं देऊं नये. दुसरी रीत उकळत्या पाण्याची. भांडें चुलीवरून खालीं उतरवून उकळी बसली कीं तें पाणी वाटींतील बियांवर ओतावें आणि वाटी तशीच थंड होऊं द्यावी. चुलीवर ठेवून बी शिजवूं नये. दुसऱ्या दिवशीं पाहावें तों कांहीं बिया फुगून दुप्पट झालेल्या दिसतात. त्या लागलीच पेराव्या. न फुगलेल्यांना पुन्हा एकदां तोच उपचार करावा.

पेरणी मार्च-एप्रिलमध्यें करितात. कुंडींतील मातींत निम्मी वाळू असावी आणि खत मुळींच नसावें. हें आमच्या वाचकांना विचित्र वाटेल, कारण आपण रोपाला पहिली मूठ शेणखताची देतों. गॉर्सला चांगली माती बाधते. सकस जमिनींत तें उंच व लुसलुशीत वाढतें, कांटे मऊ राहतात, फुलें कमी येतात आणि वाऱ्यानें तें आडवें पडतें. चुनखडीची जमीनही त्याला मानवत नाहीं. एक सेंटिमीटरभर खोल बी घालावी, माती ओलसर ठेवावी, पण पाणी साचूं देऊं नये. कांहीं आठवड्यांत दोन जाड दलें वर येतात. मग जें पान येतें तें पाहून पेरणारा चकित होतो, कारण तें तीन पानांचें, अगदीं मेथीसारखें, कोंवळें असतें. आपण चुकीची बी तर पेरली नाहीं ना, असें वाटतें. पण रोप बोटभर उंच होतां होतां पानें अरुंद होत जातात, मग टोंकदार होतात, आणि शेवटीं निव्वळ कांटे राहतात. ह्या झाडाच्या पूर्वजांना साधीं पानें होतीं, ह्याची ती जणूं आठवण आहे. ह्या मेथीच्या अवस्थेंत ससे आणि मेंढ्या त्यावर फार प्रीति करितात. म्हणून पहिलें वर्ष जाळीनें राखावें.

रोप हलविण्याच्या बाबतींत गॉर्स हट्टी आहे. त्याचें सोटमूळ लवकर खोल जातें आणि तें दुखावलें तर झाड बहुधा मरतें. मोठें झुडूप खणून आणून लावण्याचा खटाटोप कोणी करूं नये. म्हणून प्रत्येक बी वेगळ्या लहान कुंडींत पेरावी आणि रोप वीतभर होण्यापूर्वींच, मातीचा गोळा न फोडतां, कायमच्या जागीं लावावें. कुंपणासाठीं दोन रोपांत अर्ध्या मीटरच्या आंतबाहेर अंतर पुरतें. जागा भर उन्हाची असावी; सावलींत तें झुरतें. बांधावर जागच्या जागीं बी पेरून मग दाट रोपें विरळ करणें ही जुनी शेतकऱ्यांची रीत, आणि कुंपण लांब असेल तर तीच सोयीची.

लावून झालें म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं, आणि बहुतेकांची चूक येथेंच होते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं फुलें येऊं लागतात, कुंपण छातीइतकें होतें, आणि मालक समाधानानें कात्री टांगून ठेवतो. पुढें पांच-सहा वर्षांनीं पाहावें तों हिरवळ सगळी वर गेलेली, खालीं उघडे बुंधे, आंत वाळलेल्या कांट्यांचा ढीग. मेंढी खुशाल खालून निघून जाते. हें टाळावयाचें तर वसंतांतला बहर ओसरतांच दरवर्षीं कापणी करावी. त्यानें खालून दाट फुटवा येतो, आणि दुसरा लाभ असा कीं शेंगा पिकण्यापूर्वींच जातात. फार म्हातारें झालेलें झुडूप जमिनीलगत छाटलें तरी बुडख्यापासून पुन्हा फुटतें. हा त्याचा चिवटपणा कुंपणवाल्याला सोयीचा. पण तो सर्वांना सोयीचा ठरला नाहीं, हें आतां सांगावयाचें आहे. बागेंत केवळ फुलांची शोभा हवी असेल त्यासाठीं गॉर्सचा एक दुहेरी पाकळ्यांचा प्रकार आहे. तो ठेंगणा, दाट आणि अधिक फुलणारा असून त्याला बी धरत नाहीं. तो फांदीच्या छाटापासून वाढवावा लागतो. बियांपासून झाड वाढविण्याच्या पाठांत बी न धरणाऱ्या झाडाची शिफारस करणें चमत्कारिक दिसेल, पण पुढील मजकूर वाचल्यावर तें तसें दिसणार नाहीं अशी आमची खात्री आहे.

येथपर्यंतची हकीकत झाडाच्या मायदेशची. आतां पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकाला, न्यूझीलंडला जाऊं. १८३५ च्या डिसेंबरांत 'बीगल' जहाजावरून जगप्रवास करणारा तरुण चार्ल्स डार्विन तेथें उतरला आणि चर्च मिशनरी सोसायटीचें वायमाटे येथें असलेलें ठाणें पाहावयास गेला. नेच्यांनीं भरलेल्या ओसाड मुलुखांतून चालून आल्यावर त्याला एकाएकीं गव्हाचीं शेतें, फळबागा, लोहारशाळा, पिठाची गिरणी असा इंग्लंडांतल्या खेड्याचा देखावा दिसला आणि त्याचें मन प्रसन्न झालें. तेथें लावलेल्या झाडांची त्यानें जी यादी दिली आहे, तींत कुंपणासाठीं लावलेल्या गॉर्सचेंही नांव आहे. त्या मिशनरींना दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. घरापासून हजारों कोस दूर आलेला मनुष्य शेताला कुंपण घालतांना आपल्या बापाच्या शेताला जें होतें तेंच घालतो. आम्हीही तेंच केलें असतें. त्यांच्यामागून आलेल्या वसाहतवाल्यांनीं कॅन्टरबरीच्या उघड्या मैदानांत, जेथें लांकूडही नाहीं आणि दगडही नाहीं, तेथें मैलोगणती गॉर्सचीं कुंपणें लावलीं. प्रत्येकानें आपापल्या बांधापुरतीच बी पेरली होती.

आपल्याकडे म्हण आहे कीं कुंपणच शेत खाऊं लागलें तर तक्रार कोणाकडे करावी. आपण ती विश्वासघातकी राखणदाराविषयीं वापरतों. न्यूझीलंडांत ती अक्षरशः खरी झाली. तेथला हिवाळा सौम्य. त्यामुळें गॉर्सला वर्षांतून दोनदां भरपूर शेंगा येऊं लागल्या. मायदेशांत त्याची बी खाणारे किडे होते, ते बियांबरोबर आले नव्हते. जंगल तोडून मोकळ्या केलेल्या डोंगरउतारांवर त्याला अडविणारें कोणी नव्हतें. शेंगा फुटत, बी उडे, ओढ्याचें पाणी ती खालीं नेई. बांधावरचें गॉर्स कुरणांत उतरलें. शेतकऱ्यानें तें कापलें, तर बुडख्यापासून फुटलें. जाळलें, तर तेलकट कांटे भडाभड पेटले खरे, पण त्या धगीनें जमिनींतील बियांचीं कवचें तडकलीं आणि पुढल्या वर्षीं त्याच जागेवर गालिचा अंथरावा तशीं रोपें उगवलीं. वर उकळत्या पाण्याचा जो उपचार सांगितला, तोच वणव्यानें सगळ्या डोंगराला केला असें म्हणावें लागेल. गॉर्सच्या जुन्या जाळीखालच्या एका चौरस मीटर जमिनींत हजारों बिया सांपडतात, आणि त्या तीस वर्षें व त्याहूनही अधिक काळ जिवंत राहूं शकतात. म्हणजे आज समूळ उपटलेल्या गॉर्सची बी, उपटणाऱ्याचा मुलगा शेत करूं लागेल तेव्हां उगवेल.

१९०० सालीं त्या देशांत उपद्रवी तणांविषयीं कायदा झाला आणि त्यांत गॉर्सचें नांव आलें. १९३१ सालीं गॉर्सची बी खाणारा एक लहान भुंगेरा मुद्दाम युरोपांतून आणून सोडण्यांत आला. झाडच खाऊन टाकणारा किडा कां आणला नाहीं, असें विद्यार्थी विचारतील. कारण असें कीं त्या वेळींही पुष्कळ शेतकऱ्यांना गॉर्सचें कुंपण हवेंच होतें. झाड राहावें आणि पसरणें तेवढें थांबावें, अशी त्यांची इच्छा. भुंगेऱ्यानें वसंतांतल्या शेंगा खाल्ल्या. पण त्याची पिल्लें वाढण्याची वेळ तेवढीच असल्यामुळें वर्षांतला दुसरा बहर त्याच्या तावडींतून सुटला. अजूनही गॉर्स त्या देशांतील सर्वांत त्रासदायक तणांपैकीं एक आहे.

अमेरिकेंतील ऑरेगन संस्थानाच्या समुद्रकांठीं बॅन्डन नांवाचें गांव आहे. आयर्लंडांतील बॅन्डन गांवाहून आलेले जॉर्ज बेनेट ह्यांनीं १८७० नंतरच्या दशकांत तेथें वस्ती केली, गांवाला आपल्या गांवचें नांव दिलें, आणि आपल्या गांवचें गॉर्सही आणलें. पिवळीं फुलें पाहून घरची आठवण होत असेल. गॉर्स वाढत वाढत गांवांत, घरांच्या अंगणांपर्यंत आलें. २६ सप्टेंबर १९३६ रोजीं रानांतला वणवा वाऱ्याबरोबर गांवाकडे वळला आणि त्या तेलकट जाळ्यांना लागला. मग आग विझविणें माणसाच्या हातीं राहिलें नाहीं. पाणी मारलें तरी गॉर्स पेटतच राहिलें. एका रात्रींत जवळजवळ सगळें गांव भस्म झालें, कित्येकांना प्राणास मुकावें लागलें, आणि लोकांना समुद्राच्या वाळूंत उतरून जीव वांचवावा लागला. गांव पुन्हा बांधलें गेलें आहे. गॉर्सही पुन्हा उगवलें आहे.

मग त्याचा कांहींच उपाय नाहीं काय? न्यूझीलंडांतच, बँक्स द्वीपकल्पावर, हिनेवाय नांवाचें एक राखीव रान १९८७ सालीं सुरू झालें. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यू विल्सन ह्यांनीं गॉर्स न कापतां, न जाळतां तसेंच राहूं द्यावयाचें ठरविलें, तेव्हां शेजारच्या शेतकऱ्यांना हा वेडेपणा वाटला. विल्सन ह्यांचा हिशेब असा : गॉर्सला भर ऊन लागतें आणि त्याचें आयुष्य फार तर तीसएक वर्षांचें, पण त्याच्या सावलींत, कांट्यांच्या आडोशाला, त्या देशाचीं मूळचीं झाडें उगवतात, कारण शेळ्या-मेंढ्या तेथें शिरूं शकत नाहींत. हीं झाडें हळूहळू गॉर्सच्या वर डोकें काढतात आणि मग त्याच्यावर सावली धरतात. हिशेब बरोबर ठरला. आज त्या उतारांवर दाट रान आहे आणि त्याखालीं वाळलेल्या गॉर्सचे सांगाडे आहेत. मात्र त्या रानाच्या मातींत गॉर्सची बी अजून आहेच. कोठें आग लागून किंवा झाड पडून ऊन आंत आलें कीं ती उगवावयास तयार असते, आणि म्हणून तें रान राखणाऱ्यांना आगीची भीति सर्वांत मोठी.

हें सर्व परदेशांतलें, आपल्याला त्याचें काय, असें कोणी म्हणेल. तर आपल्या देशांतही गॉर्स आहे. दक्षिणेंत निलगिरीवर, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटर उंचीवर, इंग्रजांनीं एकोणिसाव्या शतकांत उटकमंड वसविलें. थंड हवेबरोबर मायदेशाचीं झाडेंही त्यांना हवीं होतीं. त्यांत गॉर्स आलें, आणि त्याच कुळांतलें ब्रूम नांवाचें दुसरें पिवळ्या फुलांचें झुडूपही आलें. निलगिरीचा डोंगरमाथा म्हणजे ओढ्याकांठच्या घळींत 'शोला' नांवाचीं दाट रानें आणि बाकी सगळीकडे गवताचे माळ, अशी जुनी घडण. त्या माळांत ह्या दोघांनीं घर केलें आहे, आणि आतां तीं काढावयास वनखात्याला कष्ट पडत आहेत. पश्चिम महाराष्ट्रांतील आमच्या वाचकांना तर इतकें दूर जाण्याचेंही कारण नाहीं. घाणेरी, जिला कोणी टणटणी म्हणतात, तीही एके काळीं शोभेचें व कुंपणाचें झाड म्हणून परदेशांतून आपल्याकडे आणलेली. आज सह्याद्रीच्या कोणत्या घाटांत ती नाहीं? रंगीबेरंगी फुलांचे गुच्छ पाहून ज्यानें ती प्रथम लावली असेल, त्याला आपण काय लावीत आहों ह्याची कल्पना कोठून असणार!

तेव्हां महाबळेश्वर, पांचगणीसारख्या थंड ठिकाणीं ज्यांचीं घरें आहेत त्यांनीं, हा पाठ वाचून गॉर्सची बी मागविण्याच्या भरीस पडूं नये. परदेशांतून बी आणावयास सरकारी परवाना लागतो, आणि तो नियम उगाच केलेला नाहीं. आपल्या मातींत कुंपणाला झाडांची वाण कधींच नव्हती. करवंदीची जाळी आहे, तिला फळही येतें. मेंदी आहे. जेथें गुरें आवरावयाचीं तेथें सागरगोटा आणि शिकेकाई आहे. जेथें नुसती हद्द दाखवावयाची तेथें अडुळसा व निरगुडी आहे, त्यांना गुरें तोंड लावीत नाहींत.

गॉर्सची बी हातीं नसली तरी ह्या पाठांतला प्रयोग विद्यार्थ्यांना करितां येईल, कारण आपली बाभूळही त्याच विशाल कुळांतली असून तिच्या बियेचें कवचही तसेंच घट्ट असतें. खेड्यांतील जाणते शेतकरी बाभळीची बी झाडाखालून वेंचीत नाहींत. शेळ्यांच्या वाड्यांतून वेंचतात. शेळी शेंगा खाते, आणि तिच्या पोटांतून आलेल्या बीचें कवच नरम झालेलें असल्यामुळें ती लवकर उगवते, हें त्यांना कोणत्याही पुस्तकावांचून ठाऊक आहे. तर प्रत्येक मुलानें बाभळीच्या तीस बिया मिळवाव्या : दहा वाड्यांतल्या, वीस शेंगेंतल्या. शेंगेंतल्या विसांपैकीं दहा घासकागदावर घासाव्या, दहा तशाच ठेवाव्या. तीन कुंड्या घेऊन त्यांवर खूण करावी, सर्वांना सारखें ऊन व सारखें पाणी द्यावें, आणि एक महिनाभर रोज सकाळीं किती अंकुर आले तें वहींत मांडावें. कोणत्या कुंडींत किती आले हें आम्ही येथें लिहीत नाहीं. तें वहीनें सांगावें. फक्त एक सूचना. महिना संपला म्हणून न उगवलेल्या बियांची कुंडी रिकामी करूं नये. ती शाळेच्या बागेच्या कोपऱ्यांत तशीच राहूं द्यावी, तिच्यावर पेरणीची तारीख लिहावी, आणि पुढल्या पावसाळ्यांत त्या वर्गांत येणाऱ्या मुलांनीं तिच्याकडे लक्ष ठेवावें.